तू वरचा ऐक, मी खालचा

आधीच सांगते, मी लिहिणारी नाही. कामावर रोज पत्रं लिहिते, प्रोग्रॅम लिहिते, पण एका माणसाबद्दल चार पानं लिहायची म्हटल्यावर हात अडखळतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आई स्वतःच्या नावाची सही करायला शिकली ती मी दहावीत असताना, माझ्याच जुन्या पाटीवर. त्यामुळे कुणाबद्दल काही लिहायचं म्हणजे परवानगी न घेता दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते माझ्या नात्याचे नव्हेत, आणि त्यांनी मला वर्गात काही शिकवलेलंही नाही. मी त्यांच्या घरी तीन वर्षं भाड्याने राहिले, एवढाच काय तो संबंध. तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला. मी आपलं आठवेल तसं सांगते.

त्यांना सगळी कॉलनी ‘कानवाले काका’ म्हणायची. नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात ते फिटर होते. मी राहायला गेले तेव्हा निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, पण सकाळी बरोबर साडेसहाला इस्त्रीचा खाकी शर्ट घालून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे. फर्स्ट शिफ्टला आल्यासारखे. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, डिसमिस असायचा. बाजारात ज्याला स्क्रू-ड्रायव्हर म्हणतात तोच, पण चांगला वीतभर लांब आणि मूठ लाकडाची. ती मूठ हाताळून हाताळून खारकेसारखी गुळगुळीत झाली होती.

त्या डिसमिसने ते स्क्रू क्वचितच पिळायचे. त्याने ते ऐकायचे. टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग मिक्सर असो, पाण्याची मोटर असो की शेजाऱ्यांची स्कूटर, आत काय बिघडलंय ते सांगायचे. पाहुणा गाडी लावून फाटकातून आत आला की ‘या, बसा’च्या आधी ‘टॅपेट सैल झालेत तुझे’ हे ऐकावं लागायचं. काकूंच्या भाच्याच्या लग्नात त्यांनी मांडवामागच्या जनरेटरला डिसमिस लावला आणि नवऱ्या मुलाच्या बापाला जाऊन सांगितलं, “मंगलाष्टकं उरकून घ्या. हा काही बारापर्यंत टिकत नाही.” सगळे हसले. तो पावणेबाराला बंद पडला. पुढचं लग्न भटजींच्या आवाजावर झालं आणि काकूंच्या माहेरी काकांना अजून कुणी मांडवात एकटं सोडत नाही.

एकदा त्यांनी झोपलेल्या मांजरीच्या पाठीला मूठ लावली होती. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, “हिचं इंजिन ठीक आहे.”

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती गोष्ट सांगायला हवी. बाबा मला घेऊन घोटीहून आले होते. हातात कापडी पिशवी, तिच्यात पाच किलो इंद्रायणी. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. बाबा भाताच्या गिरणीवर कामाला. काकांनी आम्हाला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि माझ्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, “घोरतेस का?”

मी मान हलवली. नाही म्हणून.

“बरं. तुम्ही काय करता?” हे बाबांना. त्यांचा आवाज फार मोठा होता, मधल्या खोलीतलं भांडंसुद्धा वाजावं असा. कारखान्यातली सवय असेल, असं मला वाटलं.

“भाताच्या गिरणीवर हाय.”

“कशी वाजते?”

“म्हंजी?”

“गिरणी वाजते कशी? आवाज करून दाखवा.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात अशा अवघड वेळी मलाच पुढे करतात. मी लहानपणापासून त्या गिरणीच्या पोत्यांवर अभ्यास केलेला. लाज वाटत होती, पण खोली हवी होती. मी तोंडाने सुरू केलं, “धबधब, धबधब, धबधब, टक्. धबधब, धबधब, धबधब, टक्.”

काका माझ्या ओठांकडे इतकं लक्ष देऊन बघत होते की मला घाम फुटला. “पुन्हा,” म्हणाले. मी पुन्हा केलं.

“ते टक् पहिल्यापासून आहे?”

“नाही. उन्हाळ्यापासून येतंय.”

“पट्ट्याचा सांधा उसवतोय,” ते बाबांना म्हणाले. “घरी गेल्यावर आधी पट्टा बघा, मग जेवा. पोरीला खोली दिली.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांच्या घरी बाबांचा फोन आला. एसटीडीच्या डब्यातून बाबा नेहमी ओरडूनच बोलायचे. “अगं, तो माणूस हितं येऊन बघून गेला व्हता का काय? सांधा तीन बोटं उसवला हाय! अजून चार दिस गेले असते तर पट्टा कुणाच्या तरी अंगावर आला असता. आमाला रोज ऐकून ऐकून ऐकूच येत नव्हतं!” तेव्हापासून दर वर्षी नवा तांदूळ निघाला की पहिलं पोतं काकांकडे यायला लागलं. बाबा त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायचे. काकांना त्यात काही वावगं वाटायचं नाही.

आता लॅपटॉपकडे येते.

शेवटच्या वर्षी मला प्रोजेक्ट करायचा होता. विषय माझा मीच सुचवला होता: शहर बसचं वेळापत्रक. कुठून कुठे जायचं ते लिहिलं की कोणती बस, किती वाजता, कुठे बदलायची, हे सांगणारा प्रोग्रॅम. कॉलेजची प्रयोगशाळा आठवड्यातून दोन तास मिळायची, आणि तिथल्या संगणकांवर माझा प्रोग्रॅम उघडायचाच नाही. बाबांचं आणि माझं ठरलं होतं, तीन वर्षं. तीन वर्षांत पास झाले तर नोकरी शोधायची, नाहीतर घोटीला परत. ते रागाने बोलले नव्हते. धाकटी दोघं शाळेत होती, आणि बाबांना तीन वर्षांपलीकडचं काही दिसत नव्हतं. आणि प्रोजेक्टशिवाय पास होणं नव्हतं.

पुण्याला माझा मामा एका कार्यालयात गाडी चालवायचा. तिथे जुने लॅपटॉप मोडीत काढले, त्यातला एक त्याने मागून आणला. बॅटरी मेलेली, म्हणजे वायर लावली तरच चालणार आणि वीज गेली की तोही गेला. कोपऱ्यातली एक कळ नव्हती. पण माझ्यासाठी तो दिवाळीच्या आधी आलेली दिवाळी होता. मी तो सुरू केला आणि आमच्या खोलीत कुकर शिट्टीला आल्यासारखा आवाज सुरू झाला. शिट्टी काही होईना. नुसती येते-येते-येते, अशी तासन् तास.

माझ्यासोबत खोलीत सटाण्याची एक मुलगी होती. ती नर्सिंगचं शिकत होती. रात्रपाळी करून सकाळी यायची आणि दिवसा झोपायची. पहिल्या दिवशी तिने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं आणि तिच्या अहिराणीत विचारलं, “हाऊ डबा शे का गिरणी शे वं?”

“पंखा आहे आतला.”

“मंग बंद कर ना.”

“बंद होत नाही.”

“लगीन करी टाक त्यानासंगे,” ती म्हणाली आणि कानात कापूस घालून वळली.

मी काय काय केलं नाही! खाली ओली फडकी ठेवली. उपडं ताट ठेवलं, तर ताटही वाजायला लागलं. गोधडीवर ठेवला, तेव्हा आवाज दबला म्हणून मी खूश झाले, पण दहा मिनिटांत तो दुप्पट ओरडायला लागला. ग्रंथालयात घेऊन गेले, तर तिथल्या सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “बाई, दळण टाकायचं असेल तर बाहेर कोपऱ्यावर गिरणी आहे.” सगळे हसले. मीही हसले, आणि बाहेर येऊन सायकल-स्टँडजवळ बराच वेळ उभी राहिले. शेवटी कॉलनीतल्या पाण्याच्या मोटरीशेजारी कट्ट्यावर, तिथल्याच प्लगला वायर लावून बसायला लागले. मोटर सुरू असली की माझा आवाज तिच्यात मुरून जायचा. सकाळी सात ते आठ पाणी यायचं. माझा निम्मा प्रोजेक्ट त्या एका तासात झाला आहे.

दिवाळीला तो घोटीला घेऊन गेले. बाबांना दाखवायचा होता. गिरणीत पोत्यावर ठेवून तिथल्या सगळ्यांना बस दाखवल्या. बाबांनी एका हमालाला मुद्दाम हाक मारली आणि “विचार, विचार, त्रिंबकची गाडी विचार,” म्हणाले. गिरणीच्या आवाजात लॅपटॉपचा आवाज कुणाला आलाच नाही. परत आले तर तो आधीपेक्षा भयंकर ओरडायला लागला होता.

या सगळ्यात मला भीती होती काकांची. ज्यांना मांजरीचं इंजिन ऐकू येतं, त्यांच्या खिडकीखाली मी हे काय चालवलं होतं! त्यांची खुर्ची आमच्या खिडकीपासून चार हातांवर होती. पण ते काही बोलायचे नाहीत. महिने गेले. आम्हाला वाटायचं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. नर्सिंगवाली तर काकूंनाही म्हणायची, “देवमाणूस शे.”

परीक्षेला पाच दिवस राहिले तेव्हा मला राहवेना. लॅपटॉप मधेच बंद पडायला लागला होता, तापून. मी तो व्हरांड्यात नेऊन काकांसमोर ठेवला.

“काका, याच्या आवाजाचं काहीतरी बघता का? इतके दिवस तुम्ही सहन केलंत, पण...”

“कसला आवाज?”

मी वायर लावली, सुरू केला. तो किंचाळायला लागला. पलीकडच्या ओट्यावरच्या बाईंनी वळून बघितलं. काकांनी मान तिरकी केली. पण ते लॅपटॉपकडे बघत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

“हं,” म्हणाले. “येतोय.”

मग त्यांनी खिशातून डिसमिस काढला, टोक लॅपटॉपच्या पाठीवर टेकवलं, मूठ कानामागे लावली. आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “अरे बापरे! हा तर कोकलतोय!”

आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक. काकू हात पुसत बाहेर आल्या, काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन बोटं दाखवली. काकांनी मान हलवली. “दोन झाल्या,” ते मला म्हणाले, जणू त्यांनीच मोजल्या होत्या.

मला एका क्षणात सगळं कळलं. तो मोठा आवाज. आम्हाला खिडकीकडे तोंड करून बसवणं. ओठांकडे बघणं. घरातला फोन नेहमी काकूंनीच उचलणं.

काकूंनी नंतर मला भाजी निवडायच्या निमित्ताने आत बोलावलं. “पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपशेजारी अठ्ठावीस वर्षं काढली गं. बारीक आवाज सगळे गेले त्यांचे. चिमणी नाही, शिट्टी नाही, फोन नाही. जाड आवाज हाडातून येतात, त्यावर चाललंय. कुणाला बोलू नकोस. कानावरच तर सगळं नाव आहे त्यांचं.” मी नाही बोलले. आज पहिल्यांदा लिहितेय, आणि का लिहितेय ते शेवटी कळेल.

दुसऱ्या दिवशी काकांनी लॅपटॉप उघडला. व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर काकूंचा रिकामा मसाल्याचा डबा. प्रत्येक वाटीत वेगळे स्क्रू. हळदीच्या वाटीतले सगळ्यात लहान. काढलेला स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने परत जायला हवा, नाहीतर यंत्राला राग येतो, असं त्यांचं म्हणणं. पंख्याचं झाकण निघालं तेव्हा आत राखाडी कापसाची गादी झाली होती. गोधडीचा तो सगळा धागा होता. आणि त्या गादीत अडकलेलं पिवळंसर काहीतरी काकांनी चिमट्याने उचललं आणि उजेडात धरलं.

भाताचं तूस होतं. एक, दोन, सात-आठ.

“हे बघ,” म्हणाले, “तुझं गाव निघालं यातून.”

आम्ही दोघं इतकं हसलो की नर्सिंगवाली उठून बाहेर आली. ते सगळं साफ केल्यावर मला वाटलं, झालं. पण काका फिटर होते, आणि फिटर उघडलेलं यंत्र ग्रीस दिल्याशिवाय बंद करत नाही. त्यांनी कपाटातून ग्रीसचा एक डबा काढला. कारखान्यातला शेवटच्या दिवसाचा. पानाला चुना लावावा तसं त्यांनी काडीच्या टोकाने ते पंख्याच्या बेअरिंगमध्ये भरलं, गच्च.

लॅपटॉप सुरू केला. आवाज नाही. अजिबात नाही. मी टाळ्या वाजवल्या. नर्सिंगवालीने काकांना वाकून नमस्कार केला आणि काकूंनी शिरा केला. त्या दिवशी दुपारी आमच्या खोलीत इतकी शांतता होती की भिंतीवरचं घड्याळ पहिल्यांदा ऐकू आलं. मी पावणेदोन तास काम केलं, मनासारखं. मग पडदा काळा झाला.

हात लावला तर चटका बसला. थंड झाल्यावर सुरू केला, दहा मिनिटांत पुन्हा बंद पडला. मग पाच. परीक्षेला चार दिवस होते, आणि माझा सगळा प्रोजेक्ट त्या मिटलेल्या डब्यात होता. मी तो छातीशी धरून व्हरांड्यात गेले. काकांनी वायर लावून तो सुरू केला. डिसमिस लावला, डोळे मिटले, टोक दोन-तीन ठिकाणी सरकवून बघितलं.

“फिरतच नाहीये,” म्हणाले.

मग त्यांनी डिसमिस मांडीवर ठेवला. अंगणाकडे बघत बोलायला लागले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक होता.

“प्रेसच्या चाकाला देतात ते ग्रीस मी या नखाएवढ्या पंख्याला दिलं. बैलाचं जू वासराच्या मानेवर ठेवलं. ते एक असो. पण पोरी, पंखा थांबलाय हे मला कळलंच नाही. तो ओरडत होता तेव्हाही मला शांतच होतं. आताही शांतच.”

“मला माहितीये, काका.”

“काकूने सांगितलं?”

काकू दाराआड उभ्या होत्या. “नाही,” मी म्हणाले. “कुकरने.”

काका असे हसले, असे हसले की खुर्ची हलायला लागली. आतून काकूंनीही तोंडाला पदर लावला असणार, कारण त्या चहा घेऊन आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या.

मग काम सुरू झालं. मसाल्याचा डबा पुन्हा बाहेर आला. रॉकेलमध्ये बुडवलेल्या कापसाने ते ग्रीस थराथराने काढलं. मग काकूंच्या शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकावर घेतलेला एकच थेंब. पंखा बोटाने फिरवला तर भिंगरीसारखा फिरला. झाकण लावून सुरू केला, आणि ती शिट्टी परत आली. आधीइतकी नाही, पण आली.

“आला?” काकांनी विचारलं.

“आला. बारीक.”

“थरथरतोय की सरळ येतोय?”

आजवर समोरच्या यंत्राचा आवाज त्यांनी कधी कुणाला विचारला नव्हता. ते सांगायचे, दुसऱ्याने ऐकायचं. मी नीट ऐकलं. “सरळ.”

“मग बेअरिंग घासलंय, पण मरत नाही. माझ्याकडे खाली घरघर आहे. दोन्ही पाहिजेत. शिट्टी गेली आणि नुसती घरघर राहिली तर तू सांग, घरघर गेली तर मी सांगतो. तू वरचा ऐक, मी खालचा.”

पुढचे चार दिवस मी व्हरांड्यात बसून काम केलं. काका शेजारी, डिसमिस लॅपटॉपच्या कडेला, मूठ कानामागे, डोळे मिटलेले. कॉलनीतल्या लोकांना वाटलं असेल, दोघांचं डोकं फिरलंय. दर थोड्या वेळाने एकच संवाद.

“आला?”

“आला. तुमच्याकडे?”

“आहे.”

ज्या आवाजापायी मला ग्रंथालयातून बाहेर यावं लागलं होतं, तो आता जरा बदलला तरी मी काम थांबवून कान लावायचे. एकदा भारनियमनाने वीज गेली, लॅपटॉप बंद झाला आणि सगळं शांत झालं, तर आम्ही दोघंही दचकलो.

परीक्षेच्या दिवशी काका मला स्कूटरवर घेऊन गेले. लॅपटॉप त्यांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून माझ्या मांडीवर. कॉलेजच्या फाटकात म्हणाले, “मी इथेच आहे. आत वरचा कानाने ऐक, आणि खालचा हाताने. कोपर टेकव.”

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. मी लॅपटॉप सुरू केला आणि त्यांनी लगेच मान वर केली.

“हा आवाज कसला?”

“पंख्याचा, सर.”

“बंद नाही करता येत?”

“तो बंद झाला तर सगळंच बंद होईल, सर.”

मागे कुणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत, पण त्यांचा चष्मा जरा वर सरकला. “बरं. मला सकाळी नऊच्या आत सातपूरहून पंचवटीत जायचंय. दाखवा.” मी लिहिलं. कळ दाबली. शिट्टी थोडी वर चढली. मी टेबलावर कोपर टेकवला आणि खालची घरघर हाडातून खांद्यापर्यंत आली. दोन्ही होत्या. पडद्यावर बसची यादी आली, कुठे बदलायची त्यासह. त्यांनी आणखी पाच-सहा ठिकाणं विचारली. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “गाडी वेळेवर आली. जा.”

फाटकात काका स्कूटरला टेकून उभे होते. मार्क नाही विचारले.

“बंद नाही ना पडला?”

“नाही.”

“मग झालं,” ते म्हणाले, आणि किक मारताना त्यांनी नाक शिंकरल्यासारखं काहीतरी केलं.

मी पास झाले. पुण्यात नोकरी लागली, तिथे त्यांनी नवा लॅपटॉप दिला. इतका शांत की मला पहिले काही दिवस तो चालू आहे की नाही हेच कळेना. जुना मी निघताना काकांच्या खुर्चीवर ठेवला. “तुम्हाला राहू दे. ऐकायला.” त्यांनी तो स्वेटरमध्ये गुंडाळून ग्रीसच्या डब्याशेजारी ठेवला.

मी दर रविवारी फोन करायचे. नेहमी काकूच उचलायच्या. मग काका मोठ्या आवाजात दोन वाक्यं बोलायचे, उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत. कानात घालायचं यंत्र घ्या, असं मी आणि काकू दोघींनी सांगून बघितलं. दोन वर्षं सांगितलं. “यंत्राचा आवाज माणसाने ऐकायचा असतो,” ते म्हणायचे. “यंत्राने माणसाला ऐकवायचं, हे कुठलं काम?” पुढे मी तो विषयच सोडून दिला.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी फोन लावला. दोनदा वाजला आणि उचलला गेला.

“हॅलो. कोण पाहिजे?”

हा आवाज काकांचा होता. “काका? काकू कुठे आहेत? बऱ्या आहेत ना?”

“ती भाजीला गेली.”

“मग तुम्ही कसा...”

“वाजला म्हणून उचलला,” काका म्हणाले. अगदी सहज. हळू आवाजात.

तेच बोलायला लागले. “घेतलं शेवटी. परवा ती शेजारी हळदीकुंकवाला गेली आणि मी कुकरसमोर बसून राहिलो. तुझ्या बापाचा नवा तांदूळ पार करपला गं. इंद्रायणी! तेव्हा म्हटलं, आता बास. काल हे मशीन बसवलं. चिमण्या फार झाल्यात कॉलनीत. आणि तुझी काकू दिवसभर स्वतःशी बोलते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“आणि काय काय ऐकलंत?”

“तेच सांगतोय. थांब.” काहीतरी सरकवल्याचा आवाज. “सकाळी तुझा लॅपटॉप काढला. वायर लावली. पोरी, हा तर केवढा ओरडतो! याच्याशेजारी बसून तू वर्ष काढलंस? आणि मी चार हातांवर बसून देवमाणूस!”

मी फोन धरून हसत सुटले.

“ऐक,” ते म्हणाले, आणि त्यांनी फोन पंख्याला लावला असावा. तीच शिट्टी. शिट्टीला आलेल्या आणि कधीच न होणाऱ्या कुकरची. नाशिकहून पुण्यापर्यंत सरळ, न थरथरता आली.

“आला?” काकांनी विचारलं.

“आला. बारीक.”

“हो,” ते म्हणाले. “मलाही.”